गाव नसलेला प्राध्यापक

जुन्या बी.एड. कॉलेजांना बऱ्याच ठिकाणी एक शाळा जोडलेली असे. सकाळी कॉलेजात शिक्षणाचं मानसशास्त्र शिकायचं, आणि दुपारी त्याच आवारातल्या शाळेत सातवीच्या खऱ्याखुऱ्या पोरांसमोर उभं राहायचं. आम्ही टाचण काढून सराव पाठ घ्यायचो, सर मागच्या बाकावर बसून वहीत शेरे लिहायचे. सरांबद्दल आदर वाटायचा तो काही त्या शेऱ्यांमुळे नव्हे. ते स्वतःही त्या शाळेत आठवड्याला काही तास घेत, आणि त्यांचाही तास कधीमधी फसतो हे आम्ही पाहिलेलं असे, म्हणून. पुढे नोकरीत मी दुसऱ्या प्रकारची माणसंही पाहिली. वर्षानुवर्षं एकाही वर्गापुढे उभं न राहता 'अध्यापनाच्या पद्धती' शिकवणारी. त्यांची पुस्तकं जाड होती. असो.

मंडळी, आजचा विषय खरं तर शाळेचा नाही. लोक मुळात आजारीच पडू नयेत म्हणून काय करावं, हे भावी डॉक्टरांना जे शिकवतात त्या प्राध्यापकांचा आहे. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या मास्तरणीला कुठलाही विषय दिला तरी ती तो वर्गातूनच बघणार, त्याला इलाज नाही.

आमच्या भाचीची मुलगी डॉक्टर आहे. एम.बी.बी.एस. झाल्यावर तिनं एम.डी.साठी पी.एस.एम. घेतलं. 'मिळालं' नव्हे, 'घेतलं'. हा फरक ती अजूनही भेटेल त्याला समजावून सांगते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिचं सांत्वनच केलं होतं. "होईल गं, पुढच्या वर्षी परत परीक्षा दे, मेडिसिन नाहीतर मुलांचं काहीतरी मिळेल." एका काकांनी तर विचारलं, "म्हणजे दवाखाना टाकता येणारच नाही का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पी.एस.एम. म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. आता बऱ्याच ठिकाणी त्याला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात. सरकारी कॉलेजात त्या विभागाच्या दारावर 'जनऔषधवैद्यकशास्त्र' अशी भारदस्त पाटी दिसते, आणि ती वाचून आत औषधं मिळतात असा पुष्कळांचा समज होतो! लशी, पाणी, साथी, कुपोषण, बाळंतिणी, जन्ममृत्यूचे आकडे असा सगळा पसारा या विषयात येतो. विद्यार्थी जबलपूरहून निघणारं 'पार्क'चं जाडजूड पुस्तक परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात. एम.डी.च्या जागा वाटताना वरच्या नंबरांची मुलं या विषयाकडे सहसा फिरकत नाहीत.

एका अर्थी हे समजण्यासारखंही आहे. सर्जनकडे बरा झालेला माणूस पेढे घेऊन येतो. न झालेल्या आजाराचे पेढे कोण वाटणार? आपल्या देशात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यानंतर जन्मलेली कोट्यवधी मुलं आपल्या पायांनी शाळेत गेली, आणि त्यामागे कोणाचे किती कष्ट होते हे त्यांच्या आईबापांच्या मनातही आलं नाही. ते तसंच असायला हवं. पण जिथे यश दिसतच नाही त्या विषयात शिकवणाऱ्याची योग्यता मोजायची कशानं, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. आणि आपण तो अगदी सोप्या, म्हणजे चुकीच्या, मार्गानं सोडवला आहे असं मला वाटतं.

नात आता एका वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. (कुठल्या ते लिहीत नाही, आणि ज्या नातेवाइकांना ठाऊक आहे त्यांनीही लिहू नये ही विनंती.) मध्यंतरी तिचा फोन आला होता.

"आजी, माझ्याकडे गाव आहे, पण ते माझं नाही."

"म्हणजे काय गं?"

"अगं, ग्रामीण केंद्रात मुलांना घेऊन मी जाते. तिथले डॉक्टर जिल्हा परिषदेचे, सिस्टर जिल्हा परिषदेच्या, आशाताईंचे अहवाल तिकडेच जाणार. मी पाहुणी. गावात जुलाबाची साथ आली तर मला ते पेपरात वाचून कळतं."

"मग तू तिथे जाऊन करतेस काय?"

"प्रश्नावल्या भरून घेते. त्यावर पेपर लिहिते. पेपर झाले की बढती."

गोष्ट एवढीच आहे, पण मला ती विसरता येत नाही. मेडिसिनच्या प्राध्यापकाला स्वतःचा वॉर्ड असतो. तिथला रुग्ण दगावला तर दुसऱ्या दिवशी त्यालाच उत्तर द्यावं लागतं, आणि विद्यार्थी ते सगळं बघत असतात. सर्जरीच्या प्राध्यापकाला टेबल असतं. ज्याचा विषयच मुळी 'लोक' हा आहे, त्या प्राध्यापकाच्या हाती मात्र लोक दिलेले नाहीत. तो हात धुवायला शिकवतो, पण गावच्या टाकीत क्लोरीन पडलं की नाही हे विचारायचा त्याला अधिकार नाही.

याचं कारण कोणा एकाचा आळस नाही, व्यवस्थेची मांडणीच तशी आहे. आपल्या राज्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, आणि त्यांच्या वरती सार्वजनिक आरोग्य विभाग. दोन खाती, दोन सचिव, दोन सेवा-पुस्तकं. शिकवणारा आयुष्यभर शिकवतच राहतो आणि वर्षं व छापलेले शोधनिबंध मोजून विभागप्रमुख होतो. जिल्ह्यात काम करणारा आयुष्यभर कामच करत राहतो. वीस साथी हाताळलेल्या माणसाला त्या वर्गात सांगायला कोणी बोलावत नाही, आणि ज्यानं साथीवर पुस्तक लिहिलं त्याला साथीत कोणी बोलावत नाही.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्मानं नाशिकचे, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. आपल्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा म्हणून अजूनही याच अहवालाचं नाव घेतात. डॉक्टर हा 'सामाजिक वैद्य' व्हावा, त्यासाठी त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं शिक्षण मिळावं, असं त्यात म्हटलेलं आहे. त्याच्याही आधी कलकत्त्याला १९३२ मध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ ही संस्था रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं निघाली होती. चीनमध्ये अनेक वर्षं सार्वजनिक आरोग्य शिकवलेले जॉन ग्रँट १९३९ मध्ये तिचे संचालक झाले, आणि त्याच वर्षी कलकत्त्याजवळच्या सिंगूर इथे संस्थेचं ग्रामीण आरोग्य केंद्र सुरू झालं. आरोग्य शिकवणाऱ्या संस्थेला स्वतःची गावं हवीत, हे त्यांना तेव्हा कळलेलं होतं. मी तर म्हणेन, ती संस्थेला जोडलेली सराव शाळाच होती.

ही रड फक्त आपल्याकडचीच आहे असंही समजू नका. इंग्लंडात जॉन राईल नावाचे मोठे वैद्य होते. केंब्रिजची वैद्यकातली सर्वांत मानाची प्राध्यापकी त्यांच्याकडे होती. ती सोडून १९४३ मध्ये ते ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले. वरच्या नंबराच्या माणसानं आपण होऊन 'पी.एस.एम. घेतलं' म्हणा ना! १९५० मध्ये ते वारले, आणि विद्यापीठानं ती प्राध्यापकीच गुंडाळली. विभाग लहान करून त्यांच्या सहकारी ॲलिस स्टुअर्ट यांच्या हाती दिला, पण प्राध्यापक म्हणून नव्हे, खालच्या रीडर या पदावर. पैशांची वानवा होती. मुलांमधला रक्ताचा कर्करोग का वाढतोय हे शोधायला बाईंना एक हजार पौंड मिळाले, ते लेडी टाटा स्मारक निधीतून. आपल्या दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये याच आजारानं गेल्या, त्यांच्या नावाचा हा निधी.

बाईंनी केलं काय, तर एक प्रश्नावली तयार केली आणि ठिकठिकाणच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांना गळ घातली, की मूल गमावलेल्या आयांना भेटून ही भरून आणा. गरोदरपणात काय काय झालं ते आईला आठवत असेल, हा त्यांचा विश्वास. उत्तर मिळालं ते पोटाच्या क्ष-किरण तपासणीचं. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांना कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. १९५६ मध्ये पहिलं टिपण आणि १९५८ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. वैद्यकविश्वानं तो मनापासून स्वीकारायला पुढची बरीच वर्षं घेतली. बाई ऑक्सफर्डमधून १९७४ मध्ये निवृत्त झाल्या, तोवर त्यांना तिथे प्राध्यापकपद मिळालेलं नव्हतं.

यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, पद आणि नेतृत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. बाईंची प्रश्नावली आणि माझ्या नातीची प्रश्नावली यांत कागदाचा फरक नाही. बाईंच्या कागदामागे गावोगावचे आरोग्य अधिकारी उभे होते, ते घरोघर गेले. शिकवणारे आणि काम करणारे एकत्र आले आणि त्यातून जगभरच्या बाळांचं भलं झालं. नातीच्या कागदामागे बढतीचा तक्ता उभा आहे.

आपल्या सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं मी म्हणणार नाही. १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला नवं वळण देण्याची योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयानं तीन विकास गटांची जबाबदारी घ्यायची, नुसत्या पी.एस.एम.वाल्यांनी नव्हे तर सगळ्या विभागांनी गावात जायचं, अशी कल्पना. कल्पना उत्तम. पण बाकीच्या विभागांना ते आपलं काम वाटलं नाही, आणि योजना विरून गेली. आता २०२१-२२ च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांनी काही कुटुंबं दत्तक घ्यायची असा नियम झाला आहे. हेही चांगलंच. विद्यार्थ्याला कुटुंब मिळालं, प्राध्यापकाला मात्र अजून गाव मिळालेलं नाही.

जिथे हे जमलं ती ठिकाणं आपल्या महाराष्ट्रातच आहेत, याचा मला अभिमान वाटतो आणि थोडं वाईटही वाटतं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी काढलं. तिथे दरवर्षीची तुकडी एक गाव दत्तक घेते. आजच्या नियमाच्या पन्नास वर्षं आधीपासूनची ही कल्पना. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, त्यातल्या बऱ्याच निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पुढे देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला यायला लागले, तेव्हा त्यांना शिकवायला याच बायका उभ्या राहिल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बाळाला बघायला येते, त्याची मुळं तिथे आहेत.

गंमत म्हणजे नय्यर, आरोळे, बंग हे सगळेच अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. म्हणजे पुस्तकी विद्येचं त्यांना वावडं नव्हतं. बंगांचा शोधनिबंध तर जगात नावाजला गेला. पण तो गावातून निघाला. आधी जबाबदारी, मग प्रश्न, मग निबंध. आता वाईट वाटण्याचा भाग. या मंडळींना आपलं मोठं काम करायला सरकारी महाविद्यालयांच्या बाहेर स्वतःची संस्था उभी करावी लागली. आतल्या खुर्चीवर बसून ते झालं असतं का? मला शंका आहे.

यावर काय म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे. पहिलं, "शोधनिबंध निदान मोजता तरी येतात. गावातलं काम कोण मोजणार? मग वशिलेबाजी होईल." हा मुद्दा खरा आहे. शाळा-तपासणीच्या काळात तपासनीस साहेबांच्या मर्जीवर शेरे ठरताना मी पाहिले आहेत. पण गावाचेही आकडे असतात की! किती बाळं पूर्ण लसीकरणाची, किती बाळंतपणं सुखरूप, साथ किती दिवसांत ओळखली. पी.एस.एम.चा प्राध्यापक तर आकड्यांचाच माणूस. त्याला स्वतःचे आकडे मोजायला जड जाऊ नये.

दुसरं, "सगळेच काही बंग-आरोळे नसतात." अगदी बरोबर, आणि म्हणूनच व्यवस्था हवी. शाळा काही साने गुरुजींच्या भरवशावर चालत नाही. साध्या, सहा तासांची नोकरी इमानानं करणाऱ्या मास्तरांवर चालते. त्या साध्या माणसाला चांगलं काम करता येईल अशी बैठक दिली की पुरे असतं.

तिसरं नातीनंच सांगितलं. "आजी, रात्रीबेरात्री गावात राहायची सोय नाही, गाडी आठवड्यातून एकदा मिळते, घरी लहान मूल आहे. नुसती जबाबदारी टाकली तर बायका आधी सोडून जातील." याला माझ्याकडे युक्तिवाद नाही. जबाबदारीबरोबर गाडी, राहायची जागा आणि माणसंही द्यावी लागतील. नाहीतर ती शिक्षाच होईल.

मला सुचतं ते साधं आहे. मोजमापाच्या हिशेबात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सपाटीच्या भागात ३० हजार लोक येतात. प्रत्येक महाविद्यालयाच्या पी.एस.एम. विभागाला असं एक केंद्र पूर्णपणे द्यावं. नुसतं भेट द्यायला नव्हे, चालवायला. तिथल्या यशापयशाचं उत्तर विभागप्रमुखानं द्यावं. जिल्ह्यात काम केलेल्या आरोग्य अधिकाऱ्याला दोन-तीन वर्षं शिकवायला आणावं, आणि शिकवणाऱ्याला तेवढीच वर्षं जिल्ह्यात पाठवावं, दोघांची सेवाज्येष्ठता न बिघडवता. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं वेगळं संचालनालय आणि अधिकाऱ्यांची वेगळी सेवा आहे, आणि तिथे त्या विषयाचं शिक्षण घ्यावं लागतं. म्हणजे काम आणि अभ्यास यांची सांगड घालणं आपल्या देशात अशक्य नाही. आणि विभागप्रमुख निवडताना निबंधांच्या यादीशेजारी एक प्रश्न जरूर विचारावा, की तुमच्या ताब्यातल्या गावात गेल्या पाच वर्षांत काय बदललं?

२०२० मध्ये करोना आला तेव्हा टीव्हीवरच्या चर्चांमध्ये साथ कशी पसरते हे समजावून सांगायला मी हृदयरोगतज्ज्ञही पाहिले. चांगले बोलले बिचारे. पण साथीच्या शास्त्राचे प्राध्यापक या राज्यात आहेत, पगार घेतात, हे त्या वेळी कितीजणांना आठवलं? लोकांना आपला प्राध्यापक माहीत नाही, कारण प्राध्यापकाला लोक दिलेले नाहीत.

नातीला दिल्लीच्या एका संस्थेकडून आकडेवारीच्या कामासाठी विचारणा आली आहे. पगार जवळजवळ दुप्पट. तिथे विद्यार्थी नाहीत आणि गावही नाही, पण आता तरी कुठे आहे, असं ती म्हणते. महिनाअखेर तिला उत्तर कळवायचं आहे. तेवढ्यात तिच्या विभागाला काही आरोग्य केंद्र मिळणार नाही, हे मलाही समजतं. तेव्हा ती गेली तर मी तिला दोष देणार नाही, आणि घरातल्या मंडळींनीही देऊ नये. फक्त, "बरं झालं, सुटलीस त्या पी.एस.एम.मधून," असं मात्र कृपा करून कोणी तिला म्हणू नका. तिच्या वर्गातल्या दीडशे मुलांमधल्या दोघा-तिघांनी यंदा तिला विचारलंय, "मॅडम, एम.डी.ला हा विषय घेतला तर कसं?" त्यांना काय सांगायचं, हे तिला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा.